टाळ्या, शिव्या आणि राजीनामा

आजचा विषय आहे युद्धाच्या निषेधार्थ दिलेले राजीनामे. पण खरं सांगायचं तर राजीनामा देणाऱ्यांबद्दल मी कमी बोलणार आहे. मला जास्त बोलायचंय ते आपल्याबद्दल, म्हणजे बाहेर बसून त्या राजीनाम्यावर मत देणाऱ्या लोकांबद्दल. एखादा मंत्री, राजदूत किंवा कायदा सल्लागार ‘हे युद्ध मला मान्य नाही’ म्हणून खुर्ची सोडतो, तेव्हा आपण काय करतो? आपल्या प्रतिक्रिया तपासून बघितल्या तर त्या साधारण चारच निघतात.

पहिली: ‘वा! असा माणूस पाहिजे.’ दुसरी: ‘गद्दार आहे, ऐन लढाईच्या वेळी पाठीत वार केला.’ तिसरी: ‘इतके दिवस काय झोपला होता?’ आणि चौथी: ‘गेला तो गेला, युद्ध थांबलं का?’ या चारही प्रतिक्रियांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. चारही जणांनी राजीनाम्याचा मजकूर वाचलेला नसतो. माणसाला गुण देऊन ते मोकळे होतात. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती मी जरा सविस्तर मांडणार आहे.

उदाहरण म्हणून 2003 सालचं इराक युद्ध घेऊ, कारण त्या एका युद्धात राजीनाम्याचे जवळजवळ सगळे नमुने सापडतात. तेव्हा ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर यांचं मजूर पक्षाचं सरकार होतं. 15 फेब्रुवारीला लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांचा अंदाजसुद्धा साडेसात लाखांचा होता, संयोजकांचा त्याहून कितीतरी मोठा. महिन्याभराने, 17 मार्चला, रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळ सोडलं. ते तेव्हा सभागृह नेते होते आणि 1997 ते 2001 परराष्ट्रमंत्री होते. त्या रात्री हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांचं निवेदन झालं आणि ते संपल्यावर अनेक सदस्य उभे राहिले, टाळ्या वाजल्या. त्या सभागृहात टाळ्या वाजवायची प्रथा नाही, तरी वाजल्या.

दुसऱ्या दिवशी काय झालं? युद्धाच्या बाजूने 412 मतं पडली, विरोधात 149. आता टाळ्या वाजवणारे सगळेच दुसऱ्या दिवशी फिरले असं मी म्हणत नाही. मजूर पक्षाच्या 139 खासदारांनी सरकारविरुद्धच्या दुरुस्तीला मत दिलं, ही मोठी बंडखोरी होती. पण टाळी आणि मत यांच्यात एका रात्रीचं अंतर होतं आणि त्या अंतरात बरंच काही हरवलं, एवढं तर दिसतंच.

काय हरवलं? कुक यांचा युक्तिवाद हरवला. ते भाषण आज वाचून बघा. त्यात ब्लेअर यांच्यावर राग नाही; उलट त्यांना पदावरून खाली खेचणाऱ्यांशी आपला संबंध नाही असं ते स्पष्ट सांगतात. त्यात भावनेला हात घालणारी वाक्यं फार थोडी आहेत. मुद्दे मात्र आहेत. एक, आंतरराष्ट्रीय सहमती नाही आणि देशातही पाठिंबा नाही. दोन, सर्वसंहारक शस्त्रं या शब्दाचा जो अर्थ लोक घेतात, त्या अर्थाची शस्त्रं इराककडे बहुधा नाहीत. आणि तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इराकचं सैन्य इतकं दुबळं झालंय की लढाई काही दिवसांत संपेल असं तुम्ही म्हणता, आणि त्याच तोंडाने इराक हा मोठा धोका आहे असंही म्हणता. दोन्ही एकदम खरं कसं असेल? हा प्रश्न विचारायला गुप्त कागद लागत नाहीत. तुम्ही-आम्ही विचारू शकलो असतो. लोकांनी कुक यांच्या धैर्याची तारीफ केली आणि प्रश्न तिथेच बाकावर राहिला.

आता दुसरा राजीनामा बघू, ज्याला टाळ्या मिळाल्या नाहीत. एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट या ब्रिटिश परराष्ट्र खात्यात कायदा उपसल्लागार होत्या. तीसएक वर्षांची नोकरी. सुरक्षा परिषदेचा दुसरा ठराव नसताना बळाचा वापर कायदेशीर ठरत नाही, हे त्यांचं मत. 18 मार्च 2003 ला त्यांनी छोटं पत्र लिहिलं आणि नोकरी सोडली. पत्रकार परिषद नाही, मुलाखती नाहीत. मार्च 2005 मध्ये माहितीच्या कायद्याखाली ते पत्र बाहेर आलं, तेही एक भाग गाळून. मग गाळलेला भाग वृत्तवाहिनीपर्यंत पोहोचला आणि लोकांना कळलं की सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचं मतही सुरुवातीला याच दिशेचं होतं आणि नंतर ते बदललं. म्हणजे बघा, गाळला तोच भाग जो सरकारला अडचणीचा होता. व्यक्तीची तारीफ करून तो भाग सापडला नसता. पत्रात नक्की काय आहे असं कुणीतरी विचारलं म्हणून सापडला.

त्याच खात्यात मायकेल वुड हे मुख्य कायदा सल्लागार होते. त्यांचंही मत तेच होतं. त्यांनी ते लेखी कळवलं, परराष्ट्रमंत्र्यांनी मानलं नाही, आणि वुड पदावर राहिले. 2010 च्या जानेवारीत चिलकॉट चौकशीसमोर दोघांनी एकाच दिवशी साक्ष दिली. खात्यातल्या सगळ्याच कायदा सल्लागारांचं मत एक होतं, हे तिथे उघड झालं.

इथे थांबून विचार करा. एक गेली, एक राहिला. आपण लगेच म्हणतो, ती शूर आणि तो भित्रा. पण चौकशीला दोघांचा उपयोग झाला. वुड यांनी नकार कागदावर ठेवला होता म्हणून तो पुढे पुरावा झाला. फायलीत स्पष्ट नकार नोंदवणं हेही काम आहे, आणि आपल्याकडे सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही त्याची किंमत माहीत असते. पण एक फरक उरतोच. वुड यांचा कागद सरकारला कपाटात ठेवता आला. विल्म्सहर्स्ट यांची रिकामी खुर्ची कपाटात ठेवता आली नाही. आत नकार देणाऱ्याचं मत दाबता येतं, बाहेर पडणाऱ्याचं गाळावं लागतं, आणि गाळलं की खूण राहते.

आता तिसऱ्या प्रतिक्रियेकडे येतो: इतका उशिरा का? ‘वरातीमागून घोडं’ हे म्हणायला आपल्याला फार आवडतं. कधी कधी ते रास्तच असतं. क्लेअर शॉर्ट यांनी 9 मार्चला रेडिओवर ब्लेअर यांच्या धोरणाला बेदरकार म्हटलं, मग मंत्रिमंडळात राहिल्या, आणि 12 मे ला, बगदाद पडल्यावर, राजीनामा दिला. लोकांनी खिल्ली उडवली. अमेरिकेत रॉबर्ट मॅकनमारा 1968 साली संरक्षणमंत्रिपदावरून गेले ते थेट जागतिक बँकेवर. व्हिएतनाम युद्धाबद्दल आपण चुकलो हे त्यांनी पुस्तकात लिहिलं 1995 साली. सत्तावीस वर्षांनी! तेव्हा लोक संतापले, आणि संतापायलाच हवं होतं. मधल्या वर्षांत माणसं मरत होती.

पण ‘उशीर झाला’ हा निकाल सरसकट लावला की एक विचित्र गोष्ट होते. गप्प राहणाऱ्याला कुणीच काही विचारत नाही. कॉलिन पॉवेल यांनी 5 फेब्रुवारी 2003 ला संयुक्त राष्ट्रांत इराकविरुद्ध जे सादर केलं, त्याला नंतर त्यांनी स्वतःच आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटलं. पण ते 2005 च्या जानेवारीपर्यंत पदावर होते. त्याच पॉवेल यांच्या खात्यातल्या जॉन ब्रेडी कीसलिंग, जॉन ब्राउन आणि ॲन राइट या तीन मुत्सद्द्यांनी युद्धाआधी किंवा युद्धाच्या तोंडावर राजीनामे दिले. किती जणांना ही नावं आठवतात? वेळेवर गेलेल्याला आपण विसरतो, उशिरा गेलेल्याला झोडपतो आणि न गेलेल्याला मान देतो. हा हिशेब कुणाच्या फायद्याचा आहे ते सांगायला नको.

आणखी एक उपप्रकार आहे, ‘हा कुठला धुतल्या तांदळाचा?’ याचं उदाहरण आपल्या जवळचं घेतो. ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्धात उतरायचं ठरवलं तेव्हा जॉन मोर्ले यांनी मंत्रिमंडळ सोडलं. मोर्ले म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील. 1905 ते 1910 ते भारतमंत्री होते. गोखले ज्यांच्याकडे सुधारणांसाठी खेटे घालत होते तेच मोर्ले. आणि 1908 साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं तेव्हा लंडनमधल्या त्या खुर्चीवर बसलेले तेच मोर्ले. टिळक सुटून पुण्यात आले जून 1914 मध्ये. दोनच महिन्यांनी मोर्ले तत्त्वासाठी राजीनामा देतात!

मराठी माणसाने यावर काय म्हणावं? ‘मंडालेच्या वेळी कुठे गेलं होतं तुमचं तत्त्व?’ हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे आणि तो सोडू नये. पण त्या प्रश्नाने 1914 च्या राजीनाम्यातला मुद्दा खोटा ठरतो का? नाही. दोन वेगळे खटले आहेत. एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. कुक यांनाही हेच लागू आहे. 1998 च्या इराकवरच्या बॉम्बहल्ल्यांच्या वेळी ते परराष्ट्रमंत्री होते. युद्धाच्या यंत्रणेतून बाहेर पडणारा माणूस त्या यंत्रणेत होता म्हणूनच बाहेर पडतो. हात अगदी स्वच्छ असलेला माणूस तिथे मुळात नसतोच. आणि मोर्ले यांच्याबद्दल तक्रार करायचीच तर वेगळी आहे: ते गप्प गेले. त्यांचं टिपण छापलं गेलं 1928 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. ज्या दिवशी वाचकांना ते हवं होतं त्या दिवशी ते नव्हतं.

दुसरी प्रतिक्रिया, गद्दारीची, मी मुद्दाम मागे ठेवली होती. मे 2022 मध्ये जिनिव्हातल्या रशियन मुत्सद्दी बोरिस बोन्दारेव यांनी युक्रेन युद्धाच्या निषेधार्थ राजीनामा दिला. पाश्चिमात्य देशांत कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यात शस्त्रपुरवठ्याचं काम बघणारे जॉश पॉल यांनी इस्रायलला दिल्या जाणाऱ्या शस्त्रांच्या प्रश्नावर राजीनामा दिला. आता बोन्दारेव यांना शूर म्हणणाऱ्या किती जणांनी पॉल यांचं पत्र तेवढ्याच आदराने वाचलं? आणि उलट बाजूनेही विचारा: पॉल यांना डोक्यावर घेणाऱ्या किती जणांना बोन्दारेव आठवतात? शत्रूच्या घरातला राजीनामा आपल्याला सद्सद्विवेक वाटतो, आपल्या घरातला फितुरी. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू विल्की यांनी मार्च 2003 मध्ये गुप्तवार्ता विश्लेषकाची नोकरी सोडली, तेव्हा त्यांच्या मुद्द्यापेक्षा त्यांच्या मानसिक स्थितीवरच शंका पेरल्या गेल्या. पुढे 2010 मध्ये टास्मानियातल्या मतदारांनी त्यांना अपक्ष म्हणून संसदेत पाठवलं.

उरली चौथी: उपयोग काय झाला? याला खोटा दिलासा देऊ नये. इराक युद्ध थांबलं नाही. ब्रिटनचे 179 सैनिक गेले, आणि इराकी नागरिकांचे मृत्यू एक लाखाच्या वर नोंदले गेले. एवढ्या मरणापुढे कुठल्याही पत्राची थोरवी गाताना जीभ अडखळली पाहिजे. राजीनाम्याने एक तोटाही होतो: आतला विरोधी आवाज कमी होतो आणि जागेवर होयबा येतो. हा आक्षेप खरा आहे.

पण कुक यांच्या थडग्यावर जे कोरलंय त्याचा आशय असा की युद्ध थांबवता आलं नसेल, तरी युद्धाचा निर्णय घेण्याचा संसदेचा हक्क मिळवला. ऑगस्ट 2013 मध्ये सीरियावरच्या लष्करी कारवाईचा प्रश्न आला तेव्हा ब्रिटिश सरकारला सभागृहात जावं लागलं आणि ते 285 विरुद्ध 272 मतांनी हरलं. ते एकट्या कुक यांच्यामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण 2003 च्या त्या मतदानाशिवाय 2013 चं मतदान झालं असतं असंही म्हणवत नाही. उपयोग दहा वर्षांनी, दुसऱ्याच युद्धात दिसला. आपण मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो शोधत होतो.

मग राजीनामा बघायचा कसा? मी तीन साधे प्रश्न सुचवतो. या माणसाला त्याच्या टेबलावरून असं काय दिसत होतं जे आपल्याला दिसत नव्हतं? ते त्याने नेमकं सांगितलं की नुसतं ‘मन मानत नाही’ म्हटलं? आणि सांगितल्यावर ते तपासायची जबाबदारी कुणाची होती? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर त्या माणसाकडे आहे. तिसऱ्याचं आपल्याकडे आहे, आणि टाळ्या काय, शिव्या काय, दोन्ही वाजवून-देऊन आपण तेच टाळत असतो. एका माणसाने नोकरी गमावली म्हणजे आपल्या वाट्याचा विरोध झाला, असं वाटायला लागतं. तसं ते होत नाही. त्याने साक्ष दिलीय. साक्ष झाल्यावर कोर्ट उठून घरी जात नाही.

माझं बोलणं इथे थांबवतो. मंडालेच्या मुद्द्यावर तुमच्यापैकी काहींचं माझ्याशी पटणार नाही, याची मला कल्पना आहे. तेव्हा प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू.