लसणात ॲलिसिन ‘असते’ का?

लसणाच्या औषधी गुणांवरील लोकप्रिय लेखांत आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर एक वाक्य हमखास आढळते : ‘लसणात ॲलिसिन हे जंतुनाशक द्रव्य असते.’ वाक्य सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपे आहे. पण ते बरोबर नाही. शिवाय विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी खरी गोष्ट त्यात राहूनच जाते.

अखंड पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतेच. तिच्यात ॲलिइन नावाचे गंधहीन द्रव्य असते आणि त्यापासून वेगळ्या कप्प्यात ॲलिनेज हे विकर असते. कीड लागली, बुरशी शिरली किंवा आपण पाकळी ठेचली, की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन बनू लागते. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हालिटो व बेली यांनी ॲलिसिन वेगळे केले. त्यामागचे ॲलिइन स्वित्झर्लंडमध्ये स्टोल व झेबेक यांनी नंतर शोधले. आधी पक्का माल हाती आला, कच्चा माल मागाहून!

ॲलिसिन सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांतील थायॉल गटांशी, म्हणजे गंधक व हायड्रोजनच्या जोडीशी, संयोग पावते. त्यामुळे त्यांची अनेक विकरे निकामी होतात. मात्र ते आप-पर जाणत नाही. लसणाच्या स्वतःच्या पेशींनाही ते घातक ठरते. मग वनस्पतीने ते आधीच तयार करून का ठेवावे? शिवाय ते टिकतही नाही. लवकरच त्याचे विघटन होऊन डायअलिल डायसल्फाइड, अजोइन अशी द्रव्ये बनतात.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. ‘असते’ म्हटले, की ‘लसूण खा, जंतू मरतील’ हे पुढचे वाक्य आपोआप येते. काचेच्या बशीत जिवाणू मरतात, हे खरे. परंतु कच्चा लसूण खाल्ल्यावरही रक्तात ॲलिसिन सापडत नाही. तापाच्या रुग्णाने या तक्त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक सोडले, तर ती चूक महागात पडेल.

तक्ता लावण्याऐवजी तीन पाकळ्या घ्या : एक अखंड, एक ठेचलेली आणि एक दहा मिनिटे उकळून मग ठेचलेली. तिन्हींचा वास मुलांना घेऊ द्या. तिसरीला पूर्वीचा उग्र दर्प का नाही, हे त्यांनाच शोधू द्या. उष्णतेने विकर निकामी झाले, या उत्तरापर्यंत ती पोचली, की तक्त्यावरचे वाक्य ती स्वतःच दुरुस्त करतील.