मराठीपण आडवं आलं का?

‘मराठी माणसाला दिल्ली पंतप्रधान होऊ देत नाही,’ हे वाक्य सातारा-सांगलीत आपण इतकं ऐकतो की ते तपासायचं राहूनच जातं. पुरावा म्हणून नाव येतं देवराष्ट्रेत जन्मलेल्या, कराडात घडलेल्या यशवंतराव चव्हाणांचं. पण बघा, १९६२ पासून संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी चारही मोठी खाती त्यांना मिळाली. तिथं मराठीपण आडवं आलं नाही. उत्तर प्रदेशाच्या संख्याबळाचं वजन आम्ही नाकारत नाही. तरी १९९६ मध्ये २८ खासदारांच्या कर्नाटकातले देवेगौडा पंतप्रधान झालेच. आपले खासदार ४८!

मग अडलं कुठं? १९६९ साली बंगळूरला यशवंतरावांनी इंदिराजींच्या मनाविरुद्ध संजीव रेड्डींच्या बाजूनं मत दिलं. पक्ष फुटला तेव्हा मात्र ते इंदिराजींकडेच राहिले. आमच्या मते यात दोन्हीकडचा भरवसा गेला. पुढं १९७९ मध्ये उपपंतप्रधानपद आलं, तेही लोकसभेला सामोरं न गेलेल्या सरकारात.

सगळा दोष ओळखीवर टाकला, की नेत्याच्या निर्णयांची चिकित्सा टळते. उद्या इथून कुणी दिल्लीकडं निघाला, तर त्याला सहानुभूती नको, ही चिकित्सा हवी.