वजनाची गोळी आणि निग्रहाची फुशारकी



मागच्या महिन्यातलं व्याख्यान संपवून आम्ही जिना उतरत होतो. गुडघ्यांमुळे हल्ली एकेक पायरी मोजून उतरावी लागते, त्यामुळे ज्यांना काही विचारायचं असतं ते आम्हाला जिन्यातच गाठतात. एक बाई थांबल्या. पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "सर, वजन कमी करायच्या गोळ्या घ्याव्यात का हो?" आम्ही म्हटलं, "बाई, आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. आमच्या नावामागचं 'डॉ.' बघून औषध घेतलंत तर महागात पडेल." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खऱ्या डॉक्टरांना विचारलंय. मला शुगर आहे, वजनही फार आहे, त्यांनी लिहून दिलंय. पण ही फसवणूक नाही का? लोक घाम गाळून वजन कमी करतात, आणि मी औषध घेऊन करायचं?"

म्हणजे प्रश्न औषधशास्त्राचा नव्हताच, तो आमच्याच खात्यातला होता. गेला महिनाभर तो डोक्यातून गेला नाही, कारण याच प्रश्नाचं एक चुकीचं उत्तर आम्ही पूर्वी एकदा देऊन बसलो आहोत. त्यावर येतोच. तेव्हा आज ठरलेला विषय बाजूला ठेवू. आणि गोळी म्हटलं तरी त्यात इंजेक्शनही धरा, कारण सध्या ज्यांचा बोलबाला आहे ती बहुतेक औषधं सुईवाटे घ्यायची आहेत.

लोकांचा मुख्य आक्षेप एका शब्दात मावतो: शॉर्टकट. हा शब्द जरा तपासून पाहू. पुण्याहून मुंबईला द्रुतगती मार्गानं गेलेल्या माणसाला आपण 'लबाड' म्हणत नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला मात्र म्हणतो. लवकर तर दोघंही पोचले, मग फरक कुठे पडला? प्रवासात पोचणं महत्त्वाचं असतं. परीक्षा घेतात तीच मुळी अभ्यास झाला आहे की नाही हे पाहण्यासाठी. तिथे आडवाटेनं पोचणं म्हणजे न पोचणंच. तर मग वजन कमी करणं हे प्रवासासारखं आहे की परीक्षेसारखं? 'फसवणूक' म्हणणाऱ्यांनी ती परीक्षा आहे असं न सांगताच गृहीत धरलेलं असतं, तीही चारित्र्याची. परीक्षक कोण नेमला, हे विचारायची सोय नाही.

आमच्या विषयात याला फार जुनं घराणं आहे. अॅरिस्टॉटलनं 'निकोमाखियन एथिक्स'च्या सातव्या भागात 'अक्रेसिया'ची चर्चा केली आहे. चांगलं काय ते कळतंय, पण हातून होतंय वाईट, ही ती अवस्था. रात्री अकराला फ्रीज उघडून उभा राहिलेला माणूस म्हणजे अक्रेसिया. (हशा) हसा, पण अॅरिस्टॉटलनं पुढे केलेला एक भेद आम्ही शिक्षक मंडळी घाईत सोडून देतो. इच्छेशी झगडून तिला जिंकणारा निग्रही माणूस, आणि जिला जिंकावं लागावं अशी वाईट इच्छाच ज्याला होत नाही तो संयमी माणूस, हे त्याच्या मते दोन वेगळे. आणि वरचढ कोण? तर दुसरा. झगडा हा काही त्याच्या लेखी सर्वांत मोठा गुण नव्हे.

आता संयम सवयीनं कमवावा लागतो, आयता मिळत नाही, असं अॅरिस्टॉटलच म्हणेल. मान्य. पण मग ज्याला जन्मतःच भूक बेताची आहे त्या काटक माणसाला आपण संयमाचं श्रेय कोणत्या आधारावर देतो? आमच्या घराण्यात सगळे काटकुळे. आयुष्यभर आम्हाला वाटायचं, ही आमची शिस्त. ती आजोबांकडून आलेली मालमत्ता निघाली.

चरकानं हे फार आधी ओळखलं होतं. सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा अध्याय आहे. शरीराच्या दृष्टीनं निंदित अशी आठ माणसं त्यात मोजली आहेत: अति उंच, अति बुटका, अंगावर फार केस असलेला, अजिबात नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार रोड. बघा, यात चारित्र्याचा दोष एकही नाही. उंचीबद्दल कोण कुणाला उपदेश करतो? लठ्ठपणाच्या कारणांत चरक जास्त खाणं, व्यायाम टाळणं, दिवसा झोपणं ही कारणं देतोच, पण त्यांच्याबरोबर 'बीजस्वभाव'ही देतो. आजच्या भाषेत आनुवंशिकता. आणि लठ्ठ माणसाला भूक जास्त का लागते, याचं कारण तो शरीरातल्या बिघाडात शोधतो, मनाच्या दुबळेपणात शोधत नाही. त्याचं शरीरशास्त्र आज टिकणार नाही, तो भाग वेगळा. पण प्रश्न कुठे ठेवायचा हे त्याला कळलं होतं.

दुसरा दाखला मिनेसोटाचा. १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं तिथल्या विद्यापीठात ३६ तरुणांवर अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग केला. ही साधीसुधी मुलं नव्हती. युद्धाला तत्त्व म्हणून नकार दिलेली, त्यासाठी समाजाची हेटाळणी सोसलेली माणसं. निग्रहाची परीक्षाच घ्यायची तर यांच्याहून बरे उमेदवार कुठून आणणार? सहा महिन्यांत त्यांचं वजन साधारण चौथाईनं उतरलं, आणि ही तत्त्वनिष्ठ माणसं दिवसभर जेवणाचा विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, पाककृती जमवू लागली. भूक लागलेलं शरीर विचारांची सूत्रं हातात घेतं. तिथे तुमचं चारित्र्य कितीही उजळ असो.

आता आमच्या चुकीकडे येतो.

१९९० च्या दशकात आम्ही एका जिल्ह्याच्या गावी बी.ए.च्या वर्गाला नीतिशास्त्र शिकवत होतो. वर्गात एक मुलगी होती, अंगानं भरलेली, अभ्यासात हुशार. दिवाळीच्या सुट्टीनंतर आली ती ओळखू येईना इतकी उतरलेली. त्या आठवड्यात नेमका अक्रेसियाचा पाठ होता. आम्ही ऐन भरात म्हणालो, "निग्रह कळायला पुस्तक कशाला हवं? तिसऱ्या बाकाकडे बघा." वर्गानं टाळ्या वाजवल्या. तिनं मान खाली घातली. आम्हाला तो विनय वाटला.

पुढच्या परीक्षेत ती हॉलमध्ये कोसळली. छाती धडधडत होती, हात थरथरत होते. गावात एक माणूस कागदाच्या पुड्या विकत असे, त्यावर ना नाव ना गाव. तिला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून ती त्या पुड्या तीन महिने घेत होती. त्यांत काय होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. सुदैवानं ती वाचली, बरी झाली. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा सहज बोलावं तशी म्हणाली, "सर, धडधड सुरू झाली होती, तेव्हा मी आईला सांगणारच होते. पण तुम्ही वर्गात माझं कौतुक केलंत. मग कशी सांगणार?"

निग्रहाची तारीफ करून आम्ही एका मुलीचं तोंड बंद केलं होतं. म्हणून आम्ही म्हणतो, शॉर्टकटचा आक्षेप नुसता तर्कदृष्ट्या कच्चा नाही, तो घातक आहे. त्यानं गोळ्या घेणं थांबत नाही, गोळ्या घेतल्याचं सांगणं थांबतं. आणि चोरून घेतलेल्या औषधावर कुणाचीच नजर नसते.

तर मग बिनधास्त घ्या, असं आम्ही म्हणतोय का? नाही. परीक्षा नाही, प्रवास आहे असं एकदा मानलं, की प्रवासाचे प्रश्न विचारावे लागतात. आणि या रस्त्यावर अपघात फार झाले आहेत.

१९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन वजनासाठी पुढे आणलं. गंमत अशी की ते खोटं नव्हतं, खरंच काम करायचं. पेशींतलं इंधन उष्णता होऊन नुसतं जळून जायचं, माणूस आतून तापायचा. चिठ्ठीशिवाय विकलं जायचं. मग तरुण बायकांना मोतीबिंदू होऊ लागले, काही माणसं तापानं अक्षरशः भाजून मेली. १९३८ च्या कायद्यानं ते बंद झालं. चोरून मात्र आजही विकलं जातं. पुढे फेनफ्लुरामिन आलं, हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून १९९७ मध्ये गेलं. सिब्युट्रामिन आलं, हृदयविकार असलेल्यांत झटक्यांचं आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढवतं असं दिसलं, २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून आणि २०११ मध्ये भारतातून गेलं. रिमोनाबँटनं नैराश्य आणलं. या औषधांनी वजन उतरत नव्हतं असं नाही. पण जोखीम ही नेहमी कशाच्या तरी तुलनेत परवडते. मधुमेहानं डोळे जायची भीती असलेल्या माणसाला जी परवडेल, ती पुढच्या महिन्यात फोटो काढायचे आहेत म्हणून कशी परवडेल? दुकानात मात्र दोघांना एकच डबी मिळते.

नव्या औषधांबद्दल बोलताना आम्ही त्यांना जुन्यांच्या पंगतीला बसवणार नाही, तो अन्याय होईल. सेमाग्लुटाइडची एक मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १,९६१ माणसं, ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं, नुसती खोटी सुई घेणाऱ्यांचं २.४ टक्के. आणि आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता! म्हणजे घाम की औषध हा वादच तिथे नव्हता, दोन्ही होतं. निग्रहाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या २.४ कडेही जरा बघावं. पुढे २०२३ मध्ये, आधीच हृदयविकार असलेल्या १७ हजारांहून अधिक जणांच्या चाचणीत झटके, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून २० टक्के कमी झाल्याचं दिसलं. हे काही आरशाचं काम नव्हे. मळमळ, उलट्या होतात, काहींना पित्ताशयाचे खडे होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, चरबीबरोबर स्नायूही झडतात. ते डॉक्टरांनी बघायचं.

आम्हाला खटकतं ते निराळंच. पहिल्या चाचणीतल्या ज्या लोकांवर औषध बंद केल्यानंतरही लक्ष ठेवलं, त्यांचं उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. आपल्याकडे औषध म्हटलं की 'कोर्स' डोक्यात येतो: पाच दिवस, दहा दिवस, संपला, बरे झालो. हे तसं नाही. हे आमच्या रक्तदाबाच्या गोळीसारखं आहे. अकरा वर्षं घेतोय, आणि सोडली की दाब पुन्हा चढणार. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी शेजारी लावतात ना, त्यात तिसरा फोटो कधीच नसतो, औषध थांबवल्यानंतरचा.

आमच्या भाचीचं लग्न होतं. तिला आजार काही नाही, वजनही बेतशीर. तीन महिन्यांपुरती सुई घ्यायची म्हणत होती. आम्ही 'नको' म्हटलं. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला काय! तुमचं वजन कोण बघतंय?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. बघणाऱ्यांचं औषध अजून निघायचंय.

पण बघणाऱ्यांचा अंदाज किती फसवा असतो ते सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक आणि आतून लठ्ठ, असे आपण भारतीय. म्हणजे जिला सगळे टोकतात तिची तब्येत ठीक असू शकते, आणि टोकणाऱ्याचीच बिघडलेली असू शकते.

भाचीला मग कुणीतरी पार्लरमध्ये 'पूर्ण आयुर्वेदिक' चूर्ण सुचवलं. तिथे मात्र आम्ही आवाज चढवला. वनस्पतीजन्य म्हणून विकलेल्या अशा उत्पादनांत तेच बंदी आलेलं सिब्युट्रामिन न सांगता मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. आपल्याकडे १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा नाव घेऊन दिलेला आहे. तो बरा करू अशी औषधाची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. लोकलच्या डब्यात डोकं वर करून बघा, हा कायदा अस्तित्वात आहे असं वाटतं का.

तर त्या जिन्यातल्या बाई. आम्ही त्यांना म्हटलं, "यात फसवणूक काही नाही. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, किती वर्षं घ्यायचं, खर्च तितकी वर्षं झेपेल का, आणि थांबवलं तर काय. आणि घरी सांगून घ्या."

"घरी?" त्या पहिल्यांदाच हसल्या. "सासूबाई काय म्हणतील माहितीये, सर? म्हणतील, घरातली लादी रोज स्वतः पुसली असतीस तर ही वेळ आली नसती."

सासूबाईंचं वजन किती, हे विचारायचं आमच्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात त्या भराभर उतरून गेल्यासुद्धा. आमच्या अजून सात पायऱ्या बाकी होत्या.