शिक्षणाची वर्षे आणि ग्रामीण उद्योगांतील वेतन : एका सूत्राची चिकित्सा

शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षागणिक वेतन किती टक्क्यांनी वाढते हे मोजण्याचे जे सूत्र जेकब मिन्सर यांनी १९७४ साली ग्रंथरूपाने मांडले, ते आपल्या ग्रामीण उद्योगांस जसेच्या तसे लावण्याचा मोह प्रबंधलेखकांस सहज होतो. सूत्र सुटसुटीत आहे, यात वाद नाही. परंतु जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील साखरधंदा समोर ठेवला असता त्याची गृहीतके डळमळू लागतात.

निवृत्तीनगरचा विघ्नहर व पारगावचा भीमाशंकर हे येथील दोन सहकारी कारखाने. साखर कारखान्यांतील कायम व हंगामी कामगारांच्या वेतनश्रेणी राज्यपातळीवरील त्रिपक्षीय कराराने ठरतात. एका श्रेणीत दहावी उत्तीर्ण व पदवीधर शेजारी शेजारी असले, तरी श्रेणी एकच. तेव्हा शिक्षणाचा प्रभाव पडतो तो मुख्यतः प्रवेशद्वारापाशी. आणि तेथे प्रमाणपत्र हे कौशल्याचे माप आहे की केवळ चाळणी, हा मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न सूत्रातून सुटत नाही.

खरी अडचण फडात आहे. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते आणि मोजणी होते ती कोयत्याची. कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. वेतन एक, शिकलेली (वा न शिकलेली) माणसे दोन! रकान्यात कोणाचे शिक्षण भरावयाचे? नवऱ्याचे भरण्याचा प्रघात पडला, तर बायकोचे श्रम व तिचे शिक्षण ही दोन्ही हिशेबातून नाहीशी होतात. सातवीपर्यंत शिकल्याने टनाचा दर वाढत नाही. मात्र मुकादमाकडील उचलीचा हिशेब आणि वजनाची पावती वाचता येते. हा लाभ वेतनात न दिसता कर्ज कमी फिटावयाचे राहण्यात दिसतो, आणि तेथे कोणी मोजतच नाही.

मिन्सर अनुभवाची वर्षे काढतात ती वयातून शिक्षणाची वर्षे व आणखी सहा वजा करून. शाळेत असताना मूल काम करीत नाही, हे त्यामागील गृहीतक. बीडकडून दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर निघालेले, पटावर नाव असूनही फडात मोळ्या बांधणारे मूल या वजाबाकीत बसत नाही. अशा मुलांसाठी साखरशाळा काढाव्या लागल्या, हीच त्या गृहीतकावरील पुरेशी टीका होय.

शिवाय शिकून चाकणला वा पुण्यास गेलेले तरुण या नमुन्यात येतच नाहीत.

म्हणून निदान प्रश्नावलीत तरी जोडीतील दोघांचे शिक्षण, प्रत्यक्ष हजेरीचे महिने आणि हंगामाअखेर शिल्लक राहिलेली उचल असे स्वतंत्र रकाने ठेवावेत.