एक आडनाव, दोन कारकिर्दी : विजय तेंडुलकर आणि सचिन तेंडुलकर यांच्या लौकिकाची चिकित्सा

प्रास्ताविक

ऑक्टोबर २००५ मध्ये अमोल पालेकर यांच्या पुढाकाराने पुण्यात 'तेंडुलकर महोत्सव' भरला. महोत्सवाच्या नावात 'विजय' हा शब्द नव्हता आणि त्याची उणीव नाट्यरसिकांना भासली नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० डिसेंबर २००५ रोजी दिल्लीत श्रीलंकेविरुद्ध खेळताना सचिन तेंडुलकर यांनी कसोटी क्रिकेटमधील आपले पस्तिसावे शतक पूर्ण केले आणि सुनील गावसकर यांचा चौतीस शतकांचा विक्रम मागे पडला. इंग्रजी समालोचनात तेव्हा 'तेंडुलकर' हाच शब्द घुमत होता. मराठी घरांत मात्र आनंद व्यक्त झाला तो 'सचिन' या नावाने.

प्रस्तुत लेखाचा विषय या छोट्याशा भाषिक भेदातून सुरू होतो. नाटककार आणि क्रिकेटपटू यांच्यात निकटचे नाते नाही. समान आहे ते आडनाव. तरीही एकाच शहरात, एकाच भाषेच्या समाजात या दोन कारकिर्दी काही काळ समांतर चालल्या. त्या समाजाने एकाला पहिल्या नावाने आणि एकवचनात हाक मारली, तर दुसऱ्याचा उल्लेख आडनावाने आणि आदरार्थी बहुवचनात केला. 'सचिन खेळला' आणि 'तेंडुलकरांनी लिहिले' ही दोन वाक्ये मराठी माणूस सहज बोलून जातो. या व्याकरणात जिव्हाळा किती आणि अंतर किती, हा प्रश्न समीक्षेने विचारावा असाच आहे.

नामसादृश्याची मराठी परंपरा

नावाचा घोळ मराठी वाङ्मयेतिहासाला नवा नाही. संत नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना वेगळ्या करताना संशोधकांची मोठी शक्ती खर्ची पडली. अर्वाचीन काळात हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे हे दोन कादंबरीकार झाले. पहिले 'पण लक्षात कोण घेतो?'चे कर्ते, दुसऱ्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून १९३७ मध्ये 'कुंकू' हा चित्रपट निघाला. ह. ना. आणि ना. ह. एवढ्या आद्याक्षरांच्या उलटापालटीवर मराठी वाचकाने दोन लेखक वेगळे ओळखले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या आपल्या त्रिपदी रीतीत ही सोय मुळातच आहे. 'विजय धोंडोपंत' आणि 'सचिन रमेश' असे म्हटले की संभ्रम संपतो. अडचण येते ती लौकिक वाढल्यावर, कारण लौकिक मधले नाव प्रथम गाळतो.

आडनावांना भूगोल असतो, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. तेंडुलकर हे आडनाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तेंडोली या गावाशी जोडले जाते. कोकण किनाऱ्यावर असे 'कर' गावोगाव भेटतात. मूळ गाव सुटते आणि आडनावात उरते. सर्वच आडनावे इतकी पारदर्शक नसतात. राजपुरी खाडीकाठच्या दिघी बंदराकडे पाहताना 'दिघे' या आडनावाचा संबंध या ग्रामनामाशी जोडण्याचा मोह होतो, परंतु तसे ठामपणे म्हणता येत नाही. योगायोग असा, की दिघे या आडनावालाही लेखक आणि क्रिकेटपटू दोन्ही लाभले. 'पाणकळा', 'सराई' लिहिणारे र. वा. दिघे यांनी रायगड जिल्ह्यातील खोपोली परिसराचे कृषिजीवन मराठी कादंबरीत आणले. यष्टिरक्षक समीर दिघे यांनी मार्च २००१ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद २२ धावा करून एक अवघड कसोटी तडीस नेली. त्याच सामन्यात सचिन तेंडुलकर यांनी १२६ धावा केल्या होत्या. र. वा. दिघे आज किती महाविद्यालयांच्या वाचनयादीत आहेत, हा वेगळा आणि काहीसा खेदाचा विषय होय.

आडनावाचे वारसदार

तेंडुलकर हे आडनाव सार्वजनिक जीवनात अनेकदा हात बदलत आले आहे. दी. गो. तेंडुलकर यांनी महात्मा गांधींचे आठ खंडांचे चरित्र लिहिले. पुढे विजय तेंडुलकर यांनी हे आडनाव आधुनिक भारतीय रंगभूमीशी कायमचे जोडले. १९६७ मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आले, १९७० मध्ये 'गिधाडे', आणि १९७२ या एकाच वर्षात 'सखाराम बाइंडर' व 'घाशीराम कोतवाल'. 'निशांत', 'मंथन', 'आक्रोश', 'अर्धसत्य' यांच्या पटकथांनी ते हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकांपर्यंत पोचले. तरीही १९८५ च्या सुमारास देशभरातील दूरदर्शनच्या प्रेक्षकांसाठी तेंडुलकर म्हणजे 'रजनी' होती. त्यांच्या कन्या प्रिया तेंडुलकर यांनी ती भूमिका केली होती. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८८ मध्ये, शारदाश्रमचा एक शाळकरी मुलगा विनोद कांबळीसह ६६४ धावांची अखंडित भागीदारी करून वृत्तपत्रांत झळकला. नाटककार त्या वर्षी साठीचे झाले होते.

हा मुलगा साहित्याच्या प्रदेशाबाहेरून आलेला नव्हता, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. तो वाढला वांद्र्याच्या 'साहित्य सहवास' या लेखकांच्या वसाहतीत. विंदा करंदीकर, धर्मवीर भारती यांच्यासारखे लेखक तेथे राहत. त्याचे 'सचिन' हे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेले. वडील रमेश तेंडुलकर हे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. ते कवी होते आणि बालकवींच्या कवितेचे अभ्यासक होते. म्हणजे ज्याच्या नावाचा पूर्वार्ध संगीताकडून आणि उत्तरार्ध साहित्यिक घरातून आला, त्याने आडनावाला मैदानावर नेले.

रमेश तेंडुलकर यांच्यापाशी अध्यापकवर्गाने थोडे थांबणे उचित ठरेल. मराठी काव्यसमीक्षेत त्यांनी स्वतंत्रपणे काम केले. एका आडनावाच्या दोन मोठ्या प्रकाशझोतांमध्ये हे काम सापडले. नाट्यसमीक्षेच्या वर्तुळात तेंडुलकर म्हटले की विजय. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ते सचिनचे वडील. मे १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा इंग्लंडमध्ये विश्वचषक स्पर्धा सुरू होती. पुत्र मुंबईस येऊन परतला आणि २३ मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. आकाशाकडे पाहणाऱ्या त्या फलंदाजाचे छायाचित्र बहुतेकांच्या स्मरणात आहे. ज्यांच्यासाठी ती नजर वर गेली, त्यांची एखादी कविता स्मरणारे किती, हे सांगणे कठीण आहे. नामसादृश्याची खरी किंमत या दोन तेंडुलकरांपैकी कोणी मोजलेली नाही; ती या तिसऱ्या तेंडुलकरांनी मोजली, असे म्हणावेसे वाटते.

समूह आणि त्याचा नायक

दोन्ही कारकिर्दींना जोडणारा खरा दुवा आडनावात नाही, तो समूहात आहे. विजय तेंडुलकर यांच्या नाटकांचा एक प्रमुख विषय म्हणजे एकत्र आलेल्या सभ्य माणसांचे वर्तन. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये वेळ घालवण्यासाठी मांडलेला खटल्याचा खेळ हळूहळू लीला बेणारे या स्त्रीच्या शिकारीत बदलतो. खेळणाऱ्यांना तो अखेरपर्यंत खेळच वाटतो, यात त्या नाटकाची भीषणता आहे. 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाचत-गात उभी राहिलेली माणसांची रांग कधी पडदा होते, कधी भिंत, तर कधी जमाव. नाना फडणवीस आपल्या सोयीसाठी घाशीराम घडवतात आणि सोय संपताच त्याला त्याच जमावाच्या स्वाधीन करतात. देव्हारा आणि वधस्तंभ उभारणारे हात एकच असतात, हे या नाटकाने रचनेतूनच दाखवले.

या दृष्टीने क्रिकेटच्या प्रेक्षागृहाकडे पाहिले तर काय दिसते? १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात सचिन ६५ धावांवर यष्टिचीत झाला, डाव कोसळला आणि प्रेक्षकांनी बाटल्या फेकून, आगी लावून सामना थांबवला. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याच मैदानावर पाकिस्तानविरुद्ध तो धावबाद झाल्यावर पुन्हा दंगा उसळला. शांततेचे आवाहन करण्यासाठी स्वतः सचिनला मैदानात यावे लागले आणि सामन्याचा शेवट रिकाम्या केलेल्या प्रेक्षागृहासमोर झाला. मार्च २००६ मध्ये तर वानखेडेवर, घरच्या मैदानावर, इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद होऊन परतताना त्याची हुर्यो उडवली गेली. वर्षानुवर्षे त्याला देव म्हणणारा हाच समुदाय होता. समाजशास्त्राच्या परिभाषेत या घटनांची कारणमीमांसा करता येईल. परंतु मराठी वाचकाजवळ त्यासाठी अधिक धारदार साधन आधीपासून होते, आणि ते त्याच आडनावाच्या लेखकाने घडवलेले होते. क्रीडालेखनाने त्याचा उपयोग क्वचितच केला.

नाटककाराच्या वाट्याला हुर्यो अधिक आणि जयघोष कमी आला. 'घाशीराम कोतवाल'चे प्रयोग एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने थांबवले. पुढे थिएटर अकॅडमी स्थापन करून कलावंतांना ते पुन्हा उभे करावे लागले. १९८० मध्ये युरोप दौऱ्याच्या वेळी विरोध नव्याने पेटला. 'सखाराम बाइंडर'साठी दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. 'कन्यादान'ने दलित चळवळीशी सहानुभूती असणाऱ्या अनेकांना दुखावले, लेखकावर चप्पल फेकली गेली. आणि त्याच नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. 'कन्यादान'वरील आक्षेपांत काही तथ्य आहे. अरुण आठवले या पात्राच्या हिंसेमागील सामाजिक इतिहास नाटकात पुरेसा उलगडत नाही. परंतु आक्षेप घेणे आणि लेखकाला गप्प करू पाहणे यांत फरक आहे.

सचिन तेंडुलकर यांच्याबाबत समाजाची अट वेगळी होती : खेळावे, बोलू नये. ती त्यांनी बहुतांशी पाळली. नोव्हेंबर २००९ मध्ये मुंबई सर्व भारतीयांची आहे अशा आशयाचे एक साधे विधान त्यांनी केले, तेव्हा 'सामना'तून बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांना क्रिकेटच्या खेळपट्टीवरच राहण्याचा सल्ला दिला. मौनावर उभा असलेला लौकिक एका वाक्यानेही किती हलतो, याचे हे उदाहरण होय. त्यांच्या मौनाला भित्रेपणा म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. चोवीस वर्षांत कसोटीतील १५,९२१ आणि एकदिवसीय सामन्यांतील १८,४२६ धावा हे एक प्रकारचे विधानच आहे. एवढेच की त्या विधानाशी कोणाला असहमत होता येत नाही, आणि ज्याच्याशी असहमत होता येत नाही ते प्रेम करायला सोपे जाते.

भाषेची अदलाबदल

दोन्ही कारकिर्दींत भाषेचा प्रवास उलटसुलट दिशांनी झालेला दिसतो. शालेय शिक्षण अर्धवट सुटलेल्या विजय तेंडुलकर यांनी आपले नाट्यलेखन प्रामुख्याने मराठीत केले आणि ते अनुवादांतून देशोदेशी गेले. साहित्य सहवासात वाढलेल्या, मराठीच्या प्राध्यापकाच्या मुलाने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण केले ते इंग्रजीत. २०१४ मधील आत्मचरित्रही इंग्रजीत प्रथम आले. त्या भाषणात आभाराची नावे विसरू नयेत म्हणून त्यांनी हातात यादी ठेवली होती, आणि तीत पहिले स्मरण वडिलांचे होते. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या हजारोंनी रमेश तेंडुलकर हे नाव कदाचित प्रथमच इतक्या लक्षपूर्वक ऐकले असेल.

त्याच दिवशी भारतरत्न सन्मानाची घोषणा झाली. पूर्वी हा सन्मान कला, साहित्य, विज्ञान आणि लोकसेवा यांपुरता होता. २०११ मध्ये नियम बदलून तो मानवी कर्तृत्वाच्या कोणत्याही क्षेत्रासाठी खुला झाला आणि सचिन तेंडुलकर हे त्याचे पहिले क्रीडापटू मानकरी ठरले. नियमातील 'साहित्य' हा शब्द आरंभापासून होता. ललित लेखनासाठी तो मराठी लेखकाच्या वाट्याला आलेला नाही. १९८४ चे पद्मभूषण हा विजय तेंडुलकर यांना मिळालेला मोठा नागरी सन्मान. यात खेळाडूचा दोष शोधण्याचे कारण नाही. निवड करणाऱ्या समाजाची अभिरुची मात्र तीतून वाचता येते.

१९ मे २००८ रोजी पुण्यात विजय तेंडुलकर यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी अतुल पेठे यांनी 'तेंडुलकर आणि हिंसा : काल आणि आज' हा माहितीपट केला होता. त्याच्याही शीर्षकात पहिले नाव नाही. महाविद्यालयातील आजच्या विद्यार्थ्यासमोर हे शीर्षक ठेवले तर तो प्रथम कोणता तेंडुलकर समजेल, आणि खुलासा झाल्यावर माहितीपट पाहायला बसेल की नाही, हे प्रत्येक अध्यापकाने आपल्या वर्गात विचारून पाहण्यासारखे आहे.