अध्यक्षाचें मौन

मराठवाड्यांतील जे वकील पुढें विधिमंडळांत गेले, त्यांचीं आत्मचरित्रें फार थोडीं. म्हणून चाकूरचे शिवराज पाटील यांचें ‘ओडिसी ऑफ माय लाइफ’ हें २०१४ सालचें इंग्रजी आत्मचरित्र आम्हीं मोठ्या अपेक्षेनें हातीं घेतलें. ती अपेक्षा पुरी झाली नाहीं, हें आरंभींच सांगणें बरें.

सामग्रीची वाण मुळींच नव्हती. जन्म १९३५ चा, निजामी अमदानींतला. उस्मानियांत विज्ञान, मुंबईस कायदा, लातुरास वकिली व नगरपालिकेचा कारभार. १९७३ पासून विधानसभा आणि १९८० पासून लातूरची लोकसभेची जागा सलग सात वेळां. १९९१ ते १९९६ पर्यंत ते लोकसभेचे अध्यक्ष होते. त्याच काळांत नांदेडचे शंकरराव चव्हाण, तेही कायदा शिकलेले, देशाचे गृहमंत्री होते.

स्वतः न बोलतां इतरांस बोलूं देणें हा अध्यक्षाच्या आसनाचा धर्म. पाटलांनीं तो निष्ठेनें पाळला. खात्यांच्या मागण्यांची छाननी करणाऱ्या सतरा स्थायी समित्या एप्रिल १९९३ मध्यें त्यांच्याच कारकीर्दींत सुरू झाल्या. पुढच्याच महिन्यांत न्यायमूर्ति व्ही. रामस्वामी यांजवरील महाभियोगाचा ठराव सभागृहापुढें आला. १९६ मतें अनुकूल पडलीं, २०५ सभासद तटस्थ राहिले, ठराव बारगळला. अशा प्रसंगीं अध्यक्षाचें मौन हेंच भूषण.

परंतु आत्मचरित्र लिहावयास बसलेला मनुष्य त्या आसनावरून उतरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहतो. २००४ सालीं लातुरांत पराभव होऊनही पाटील गृहमंत्री झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला झाला. ३० नोव्हेंबरास त्यांनीं राजीनामा दिला. वाचक ज्या प्रकरणाची वाट पाहतो तें हेंच. आणि ग्रंथांत त्या हल्ल्याचा वृत्तांतच नाहीं!

मंत्र्यास गुप्ततेची शपथ असते, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. पण सरकारी दप्तर न उघडतांही त्या चार दिवसांतील मनाची अवस्था सांगतां आली असती. आरोप ऐकून उत्तर न देणारा वकील पक्षकाराचें नुकसान करतो; येथें तर वकील व पक्षकार एकच. परिणाम असा झाला कीं, दिल्लीच्या स्फोटांच्या दिवशीं त्यांनीं कपडे बदलल्याची चेष्टा लोकांच्या स्मरणांत राहिली आणि समित्यांची पद्धति विस्मरणांत गेली.

१२ डिसेंबर २०२५ रोजीं लातुरांत त्यांचें निधन झालें. आतां या ग्रंथास त्यांच्या हातची पुरवणी जोडली जाणार नाहीं. लोकसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत मात्र उपलब्ध आहेत. ते धुंडाळून, स्तुति व निंदा दोन्ही बाजूस ठेवून, लातूर-नांदेडकडील एखाद्या अभ्यासकानें हें चरित्र मराठींत लिहावें. ज्यांनीं सात वेळां मत दिलें व आठव्या वेळीं नाकारलें, त्यांच्या भाषेंत ही हकीकत येणें उचित होय.