'बोम्मरिल्लु' : मायेच्या घरातले मौन

भास्कर दिग्दर्शित 'बोम्मरिल्लु' (२००६) या तेलुगू चित्रपटातील वडील मुलाला सर्व काही देतात. निवड तेवढी स्वतःकडे ठेवतात. जेनेलिया डिसूझा यांची हासिनी त्या घरी राहावयास येते आणि तेथील मौनाला तडा जातो. डोक्यावर डोके एकदाच आपटले तर शिंगे फुटतील, ही तिची समजूत आपल्याही अंगणातलीच. १९५६ पर्यंत तेलंगणासह हैदराबाद राज्यात नांदलेल्या बीडला हे घर परके वाटू नये. येथे ऊसतोडीला निघण्यापूर्वी अल्पवयीन लेकीचे हात पिवळे करणारा बापही काळजीपोटीच तसे करतो. तिला मात्र विचारीत नाही. चित्रपटात अखेर मुलगा वडिलांपुढे मन मोकळे करतो. आपल्या लेकीला ते कधी करता येईल?